सतरा नंबरची बाटली

५ जानेवारी

वन्सं,

हे पत्र फाडणार असाल तर खुशाल फाडा, पण आधी एवढं एकच वाक्य वाचा: येत्या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरला दाखवून घ्या, आणि जिना चढताना जबडा दुखतो हे त्याच्यापासून लपवू नका.

झालं. मुख्य काम झालं. बाकीचं वाचलंत तर बरं, नाही वाचलंत तर तुमच्या टेबलाखाली टोपली आहेच.

हिला कसं कळलं, असं तुम्ही म्हणाल. मुंगीनं सांगितलं. तुमच्या वाढदिवसाला तिनं फोन केला तेव्हा तुम्ही शाळेचा जिना चढत होतात. बोलता बोलता थांबलात आणि म्हणालात, "थांब गं जरा, हा मेला जबडा. दाढ काढावी लागणार बहुतेक." पोरगी फोन ठेवून माझ्यापुढे येऊन उभी राहिली ती पांढरीफटक. "दाढ काढावी लागणार" हे वाक्य या घरात आधी एकदा बोललं गेलंय. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज नको.

तिनं तुम्हाला लगेच सांगून पाहिलं. तुम्ही हसलात. म्हणालात, "तुझ्या आईनं काढलेलं नवीन खूळ." माझा फोन तर तुम्ही नऊ वर्षांत एकदाही उचलला नाही. म्हणून कागद घेतला. कागद बिचारा मध्येच बंद होत नाही.

मुंगीच्या रक्तात एक खोट सापडली आहे. घाबरू नका, ती धडधाकट आहे, काल अर्धा डबा बिस्किटं एकटीनं संपवली. पण ती खोट तिला बापाकडून आली आहे. म्हणजे तुमच्या घरातून. तुमच्यात असेलच असं नाही. निम्मी शक्यता असते, नाणं उडवल्यासारखी. पण जबडा दुखणाऱ्या माणसानं नाण्यावर बसून राहू नये.

तुमचं मला बोललेलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. दवाखान्याचा व्हरांडा, हे आत पांढऱ्या चादरीखाली, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझ्या हातच्या तेलानं माझा भाऊ खाल्ला." त्या वाक्याला उत्तर द्यायला हे पत्र लिहीत नाहीये. खोटं कशाला बोलू, थोडं त्यासाठीही लिहितेय. पण ते नंतर. आधी डॉक्टर.

तुमची (अजूनही) भावजय


१९ जानेवारी

वन्सं,

माझंच पत्र मला परत आलं. समासात तुमच्या लाल पेन्सिलीनं दोन शेरे: "पुरावा काय?" आणि खाली, "भांडी घासणारी बाई डॉक्टर कधी झाली?"

फार बरं वाटलं. न वाचलेल्या कागदावर शेरा मारता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी वही तपासली, हीच मोठी गोष्ट.

आता दोन्ही प्रश्नांची उत्तरं. पुरावा भांडी घासण्यातूनच निघाला, त्यामुळे एकत्रच देते.

हे गेल्यावर मला प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम मिळालं, ते तुम्हाला माहीत आहे. खालच्या मजल्यावरची खोली. कोपरापर्यंत हात जाईल असे दोन खोल सिंक, बोटाएवढ्या ब्रशपासून हातभर ब्रशपर्यंत भिंतीवर टांगलेली रांग, आणि शेवटी वाफेचं यंत्र. वरच्या मजल्यावर बाटल्या आणि नळ्या वापरतात, मी धुते. साबणाचं गरम पाणी, मग नळाखाली सात वेळा, मग शुद्ध केलेल्या पाण्यानं तीन वेळा. मग बाटली उजेडाला उलटी धरायची. काच स्वच्छ असेल तर पाणी पातळ पडद्यासारखं सरकत खाली उतरतं. कुठेही थेंब धरून राहिला, तर तिथे काहीतरी चिकटलंय. बाटली परत सिंकमध्ये. नऊ वर्षांत माझ्या हातून थेंब धरलेली एक बाटली वर गेलेली नाही. हा गर्व आहे, आणि तो मी बाळगते.

वाचनाचं म्हणाल तर रद्दीतून सुरू झालं. वरच्या लोकांनी फेकलेले निबंध मी घरी न्यायची. यांच्या कागदावर मरणाचं कारण म्हणून जे तीन शब्द लिहिले होते, त्यातला एक शब्द एका निबंधाच्या मथळ्यात दिसला म्हणून पहिला उचलला. शब्दकोश मांडीवर घेऊन पहिलं पान वाचायला अकरा दिवस लागले. आता एका दिवसात होतं. कळत नाही ते चष्मेवाल्याला विचारते. चष्मेवाला म्हणजे आमच्याकडचा तरुण संशोधक. हुशार आहे, पण स्वतःचा डबासुद्धा आईकडून धुऊन घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्याचा प्रयोग असा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही आपल्या धमन्यांच्या भिंतीत शिरतात आणि तिथे साठलेली चरबी खातात. म्हणजे सफाईच करतात. तशा पेशी तो बशीत वाढवतो, त्यांना चरबी खाऊ घालून गुबगुबीत करतो. मग वेगवेगळ्या माणसांच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी त्यांच्यावर घालतो. त्या पाण्यात काही प्रथिनं असतात, त्यांचं कामच पेशींच्या पोटातली चरबी उचलून बाहेर न्यायचं. एक दिवस थांबायचं, मग उरलेली चरबी लाल रंगानं रंगवून मोजायची. लाल जितकं कमी, तितकं ते रक्त कामाचं.

त्यासाठी चाळीस निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी द्यावं अशी सूचना लागली. मी मुंगीला म्हटलं, "जा गं, वर बिस्किटं देतात." ती गेली, सही केली, रक्त दिलं. नावाऐवजी फक्त नंबर टाकतात. कुणाचा कुठला नंबर हे एका कुलूपबंद वहीत असतं, मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख.

ऑक्टोबरातली गोष्ट. चष्मेवाला तणतणत खाली आला. हातात ट्रे.

"मावशी, सतरा नंबरची बाटली तुम्ही नीट धुतली नव्हती."

"कशावरून?"

"पेशी तशाच लाल. दोनदा केलं, दोन्हीदा तेच. बाकी सगळे नमुने छान आले. साबण राहिला असणार. मी सतरा नंबर काढून टाकतोय, पण मोठ्या बाईंना कारण लिहून द्यावं लागेल."

"कारणात माझं धुणं लिहिणार?"

"मग काय लिहू?"

माझ्या डोक्यातून वाफ निघाली. नऊ वर्षांपूर्वी व्हरांड्यात मी ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी नाही ऐकलं. ओल्या एप्रननिशी त्याच्या आधी जिना चढले आणि मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभी राहिले.

"बाई, एक प्रश्न आहे. तेलकट कढईला साबण लावला तर तेल कढईला धरून राहतं की सुटतं?"

"सुटतं."

"मग साबण बाटलीत राहिला असता तर यांच्या पेशींमधली चरबी सुटली असती. नको तेवढी सुटली असती, पेशीसुद्धा फुटल्या असत्या. इथे चरबी जागची हललेली नाही. साबण चरबी धरून ठेवतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. माझी बाटली स्वच्छ आहे. त्या रक्तातच काहीतरी कमी आहे, आणि हे ते फेकून द्यायला निघालेत."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मेवाल्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकलास रे. घरी एकदा तरी कढई घासलीस का?"

सतरा नंबरचं राखून ठेवलेलं रक्त काढलं. कोऱ्या बाटल्यांचं नवं खोकं फोडलं, म्हणजे माझ्या धुण्याचा प्रश्नच उरला नाही. तीन वेळा केलं. तीनही वेळा पेशी तशाच लालबुंद. मग त्यातलं प्रथिन बाहेर पाठवून तपासलं, तर त्याच्या बांधणीत एक कडी चुकीची निघाली. मोठ्या बाई स्वतः खाली आल्या आणि सिंकपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बरोबर होतात. त्या माणसाला आता मी कळवते. वेळेत कळलं त्याला."

दिवसभर मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू! बसमध्ये उभीसुद्धा ताठ राहिले. घरी आले तर मुंगी दिवा न लावता बसलेली.

"आई," ती म्हणाली, "सतरा नंबर मी आहे."

हा पुरावा, वन्सं. आता लाल पेन्सिल खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

तुमची भावजय


२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. "कोलेस्टेरॉल तपासलं. सर्व आकडे उत्तम. विषय संपला."

विषय सुरू झाला असं म्हणा. तुमच्या भावाचे आकडेही उत्तम होते. जायच्या चार महिने आधीचा कारखान्यातल्या तपासणीचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. त्यावर शिक्का आहे, "निरोगी".

तुमच्याच शाळेचं उदाहरण देते, म्हणजे कळेल. समजा, तुमचे शिपाई व्हरांड्यातला कचरा गोळा करतात. दाराशी गाडी येते, शिपाई टोपली गाडीत रिकामी करतो, गाडी निघून जाते, शिपाई पुन्हा झाडायला मोकळा. आता समजा गाड्या येतात, मोजून तेवढ्याच येतात, पण प्रत्येक गाडीची खालची फळी तुटलेली. टोपली ओतली की कचरा परत तिथेच. शिपाई बिचारा काय करणार? कामाचा माणूस आहे, भरलेली टोपली घेऊन आणखी झाडत राहतो. शेवटी फुगून, दमून तिथेच व्हरांड्यात बसकण मारतो. मग दुसरा येतो, तोही बसतो. होता होता व्हरांडाच बंद. पोरांना जायला वाट नाही.

त्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. व्हरांडा म्हणजे धमनी. ते प्रथिन म्हणजे गाडी. तुमचा तपासणीचा कागद फाटकाशी उभा राहून फक्त गाड्या मोजतो. फळी बघायला कुणी वाकत नाही. म्हणून सर्व आकडे उत्तम.

आणि वन्सं, एक विचारू? राग मानू नका. मानलात तरी विचारणारच. तुमचे बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. उभ्या उभ्या, हातात वर्तमानपत्र. तुम्ही तेव्हा अकरावीत होतात, हे आठवीत. सासूबाई तर जन्मभर उकडलेलं खाणाऱ्या आणि खाऊ घालणाऱ्या. फोडणीचा वाससुद्धा त्यांना सोसत नसे. मग बाबांना कुणाच्या हातच्या तेलानं खाल्लं?

माझंही रक्त मोठ्या बाईंनी तपासलं, कुठून आलं ते कळावं म्हणून. माझ्या रक्तानं चरबी अशी सफाचट उचलली की चष्मेवाला म्हणाला, "मावशी, तुमचं रक्तसुद्धा भांडी घासतं." म्हणजे माझ्याकडून आलं नाही.

मुंगीच्या धमन्या बघितल्या. स्वच्छ आहेत. बावीस वर्षांची आहे, कचरा साठायला अजून वेळ आहे. ही फळी दुरुस्त करायचं औषध अजून निघालेलं नाही, पण कचराच कमी येईल अशी गोळी आहे, ती मुंगी घेईल, आणि दरवर्षी तपासून घेईल. तिचं मार्गी लागलं. तुम्ही त्रेपन्नच्या आहात. बाबांपेक्षा नऊ वर्षं जास्त काढलीत, भावापेक्षा बारा. नशीब जोरावर आहे म्हणून त्याला आणखी ताणू नका.

भावजय


११ फेब्रुवारी

वन्सं,

नऊ दिवस झाले, पोस्टकार्डही नाही. शिपायांवरून रागावलात की बाबांवरून, कळत नाही.

तर मग आज ते लिहिते, जे पहिल्या पत्रात "पुढे कधीतरी" म्हणून टाळलं.

जायच्या आधी दोन आठवडे यांचा जबडा दुखत होता. सपाटीवर नाही, फक्त आमचे चार जिने चढताना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचे, कठड्यावर हात ठेवायचे, खाली बागेकडे बघतोय असं दाखवायचे. बाग कसली, दोन कुंड्या. मी मागे पिशवी घेऊन. मी म्हणायची, "काय झालं?" हे म्हणायचे, "दाढ काढावी लागणार." मी म्हणायची, "जाऊन या की दाताच्या डॉक्टरकडे." हे म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." मी म्हणायची, "बरं."

एवढंच. "बरं." मी मागे लागले नाही. मागे लागणं माझ्या स्वभावात नव्हतं, आणि यांना मागे लागलेलं आवडत नसे.

तो दिवस रविवार होता. हे दूध आणायला खाली गेले. वर येताना त्याच वळणावर बसले. शेजारच्या मास्तरांनी हाक मारली तेव्हा मी पोळपाट तसाच टाकून धावले. पायरीवर बसले होते, दुधाची पिशवी मांडीवर, न फुटलेली. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, दाढ..." आणि पुढे काही नाही.

व्हरांड्यात तुम्ही तेलाचं बोललात तेव्हा मी गप्प राहिले, ते तुमचं खरं होतं म्हणून नाही. बाबा कसे गेले ते मनात धरून आमच्या घरात दोन वर्षं तळण बंदच होतं. मी गप्प राहिले कारण मला दाढेचं माहीत होतं, आणि तुम्हाला नव्हतं. वाटलं, ही तेलाला दोष देतेय ते बरंय, खरं सांगितलं तर काय म्हणेल? नऊ वर्षं तुमचा खोटा आरोप मी पांघरूण म्हणून वापरला.

तेव्हा आता कळलं असेल मी तुमच्या मागे का लागलेय. एकदा "बरं" म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणणार नाही. तुम्ही गेला नाहीत तर रविवारी मी तुमच्या शाळेत येईन. रविवारी शाळा बंद असते? मग सोमवारी येईन, प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या पोरांसमोर, आणि तिथून हलणार नाही.

तुमची भावजय


१८ फेब्रुवारी

वन्सं!

मुंगीचा फोन आत्ता आला, हात ओलेच आहेत, कागद भिजला तर चालवून घ्या.

तुम्हाला सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि तिसऱ्या मिनिटाला डॉक्टरनं पट्टा बंद केला! मग नळी घालून पाहिलं, तर मुख्य धमनी नव्वद टक्के बंद, आणखी दोन अर्ध्याहून जास्त! घरी सोडलंच नाही!

आणि तुम्ही डॉक्टरला म्हणे सांगितलंत, "माझी भावजय बाटल्या धुते. ती धमकी देते म्हणून आले."

धमकी कामाला आली. मी सिंकपाशी उभी राहून हसले आणि मग बराच वेळ नळ सोडून ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

ऑपरेशनला नाही म्हणू नका. शाळा काही पडत नाही.


१२ मार्च

वन्सं,

काल मुंगी तुमच्याकडून परत आली. म्हणाली, आत्या खाटेवर बसून नर्सबाईंच्या तक्त्यातल्या चुका काढतेय. म्हणजे सुखरूप आहात.

एक कबूल करायचंय. कबुल्या देण्याची आता सवयच लागली.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे होते. तुम्ही मुंगीला सांगितलं होतं, "आईला म्हणावं, रजा खर्चू नकोस." मी रजा खर्चली. पहाटेच्या गाडीनं आले आणि बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले, तुम्हाला आत नेलं तेव्हा खांबाआड. वाटलं, आत जायच्या वेळी माझं तोंड पाहून तुमचा रक्तदाब चढायचा.

सव्वापाच तास. बाकाच्या समोर हात धुवायचं बेसिन होतं, त्यावरच्या आरशाच्या काचेवर थेंब धरून राहिले होते. मी दोनदा उठून ती काच पुसली. तिसऱ्यांदा उठले तेव्हा झाडूवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, इथे कामाला लागलात का?" मी म्हटलं, "आतलं माणूस बाहेर येईपर्यंत लागले."

मग दार उघडलं. वन्सं, मला त्या दाराची भीती वाटत होती. नऊ वर्षांपूर्वी असंच दार उघडलं होतं आणि बाहेर आलेला माणूस आधी जमिनीकडे बघत होता. हे सर्जन बाहेर आले ते टोपी काढत, सरळ आमच्याकडे बघत. म्हणाले, "तीन ठिकाणी नवी वाट काढून दिली. छान चाललंय हृदय. कुणी पाठवलं यांना? अगदी कड्यावरून परत आणलंय." मुंगीनं माझ्याकडे बोट केलं. त्यांनी विचारलं, "आपण डॉक्टर?" मी म्हटलं, "नाही. मी काचसामान."

मग त्याच प्रकारच्या व्हरांड्यात, वन्सं, तुमची भावजय सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली, आणि या वेळी कुणी तिला काही बोललं नाही.

आणखी एक. ऑपरेशनच्या आधी तुम्ही सही करून आमच्या प्रयोगासाठी रक्त दिलंत, त्याचा निकाल आला. मुंगीसारखंच. तीच चुकलेली कडी, तीच तुटकी फळी. नमुना नंबर एक्केचाळीस. तो तुमचा, हे मला कळायला नको होतं, पण तुम्हीच मुंगीकडून निरोप पाठवलात, "एक्केचाळीस नंबर नीट धू म्हणावं." धुतली. सातऐवजी दहा वेळा. उजेडाला धरली तर पाणी असं उतरलं, जसं काही तिथे काच नाहीच.

तुमची भावजय


१४ जून

वन्सं,

लांबलचक पत्र मिळालं. पहिल्यांदाच निळ्या शाईतलं. तिसऱ्या पानावरची ती ओळ मी फिरून फिरून वाचली. ती इथे परत लिहीत नाही. तुम्हाला एकदा लिहायलाच किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, ती माझ्याकडे राहू दे. यांच्या तपासणीच्या कागदाशेजारी, ट्रंकेत ठेवली.

आणि दाढेबद्दल तुम्ही जे लिहिलंत, "त्यानं मलाही फोनवर दाढच सांगितलं होतं, मीही 'बरं'च म्हटलं होतं", ते वाचून मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. म्हणजे नऊ वर्षं आपण दोघी एकाच शब्दाला दोन गावांत घाबरत होतो. अहो, एकदा भांडायच्या निमित्तानं तरी भेटलो असतो!

इकडची बातमी. निबंध छापून आला! मोठ्या बाईंनी माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "रद्दीतून नका नेऊ, हा तुमचा." शेवटी आभार मानलेत. त्यांनी विचारलं होतं, नाव काय घालू? मी म्हटलं, कामाचं नाव घाला. तर छापलंय, "काचसामान धुलाई विभागाचे, ज्यांच्या आग्रहामुळे नमुना सतरा वगळला गेला नाही". विभाग म्हणजे मी एकटीच. चष्मेवाल्यानं ते पान चौकट करून माझ्या सिंकवर लावलं, आणि वर आता पाटी आहे: विचित्र नमुना फेकण्यापूर्वी खाली विचारा. तो हल्ली स्वतःचा डबा स्वतः धुतो. वाईट धुतो, पण धुतो.

तुमच्या चुलतभावांपैकी सहाजणांनी रक्त दिलं. दोघांमध्ये खोट निघाली. दोघांचीही गोळी सुरू झाली. धाकट्यानं फोनवर विचारलं, "वहिनी, मला काही होत नाहीये, तरी घ्यायची?" मी म्हटलं, "काही होत नाहीये म्हणूनच घ्यायची." तो म्हणाला, "बरं." मला तो शब्द आवडत नाही, म्हणून त्याच्याकडून "हो" म्हणवून घेतलं.

आता तुमचं. डॉक्टरांनी जिने चढायला मोकळीक दिली आणि पहिला जिना आमचा चढणार असं तुम्ही लिहिलंत. या. खायला काय मिळेल असंही विचारलंत, ते तर मुद्दामच. बिनतेलाचं मिळेल, वन्सं. या घरात अकरा वर्षं तेच शिजतंय. खाऊन बघा आणि हव्या त्या रंगात शेरा मारा.

चार मजले आहेत. लिफ्ट तेव्हाही नव्हती, आत्ताही नाही. मुंगी खाली घ्यायला येईल, पण पिशवी तिला उचलू द्या. लहानपणी या खोलीतलं त्या खोलीत वाहून न्यायची म्हणून तुम्हीच तिचं नाव मुंगी ठेवलंत, आता होऊ दे तिला तिचं काम.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्हाला थांबावंसं वाटेल. मला अजून रोज वाटतं. थांबा. हवं तेवढं थांबा, कठड्यावर हात ठेवा. कुंड्या आता सहा झाल्यात, त्या बघा. भावाशी जे बोलायचं ते बोलून घ्या. पण दम लागला म्हणून नाही, जबडा दुखतो म्हणून नाही.

मग उरलेले दोन जिने एका दमात या. मी वर दार उघडून उभी आहे. तुमची पावलं मला ऐकू येतील.

तुमची भावजय